वाचक विचारतात : खाज, बुरशी आणि मेडिकलवाल्याची ट्यूब

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, की बुरशीमुळे आणि अमिबा, मलेरिया असल्या एकपेशीय जीवांमुळे होणाऱ्या आजारांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. अर्धी पत्रं खाजेचीच निघाली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी खाली लिहिलंय, नाव छापू नका. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त मोहल्ला टाकते. आणि आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. तेव्हा गोळीचा डोस माझ्याकडून घेऊ नका, ती गोळी कशावर चालते आणि कशावर चालत नाही एवढं मी सांगू शकते.

लोकमान्य नगरहून : ताई, मिस्टरांना जांघेत दाद, म्हणजे नायटा, झाली. मेडिकलवरून ट्यूब आणली, चार दिवसांत गायब. ट्यूब बंद केली की परत हजर. आता मला कमरेला आणि मुलाला मानेवर पण आलंय, वर्ष होत आलं. मेडिकलवाला दर वेळी म्हणतो, भाभीजी ये वाली पक्की है. काय करावं?

आधी ती ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. चष्मा लावून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं काही लिहिलेलं दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि वरून जोरदार स्टेरॉइड असं सगळं एकत्र घोटलेलं असतं. स्टेरॉइड खाज आणि लाली झटकन थांबवतं, म्हणून चार दिवसांत "गायब". पण लाली म्हणजे आपल्या शरीराची लढाई असते हो, बुरशी नव्हे. तुम्ही लढणाऱ्यालाच झोपवलंत, बुरशी आत मजेत पसरत राहिली, ट्यूब थांबली की दुप्पट जागा व्यापून वर आली. वर्षभर हेच चालू राहिलं की कडेची ती गोल रेघ सुद्धा पुसट होते आणि मग डॉक्टरला पण बघून पटकन कळत नाही की हा नायटाच आहे. शिवाय जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे पांढरे-गुलाबी चट्टे उमटतात, पोट वाढल्यावर पडतात तसे, आणि ते कायमचे. अशी स्टेरॉइडची क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 मध्ये सरकारने ती शेड्यूल एचमध्ये घातली, पण आपल्या गल्लीत चिठ्ठी कोण मागतं ते तुम्हाला माहितीच आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही खरी काळजीची. हा साधा जुना नायटा राहिलेला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात एक नवीन प्रकारची बुरशी पसरलीय, 2020 मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. नावातच इंडिया आहे, अभिमान वाटावा असं काही नाही. नायट्यावरचं नेहमीचं हुकमी औषध टर्बिनाफिन हिच्यावर पुष्कळदा लागूच पडत नाही. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एका एन्झाइमला पकडतं त्याच्या जीनमध्येच हिने बदल करून घेतलाय, म्हणजे किल्ली तीच आहे पण कुलूप बदललंय. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिचे दोन पेशंट सापडले, त्यातली एक बाई तर देशाबाहेर गेलेलीच नव्हती. तेव्हा इंदूरच्या एका घरात तीन जणांना झालं यात नवल काही नाही.

मग करायचं काय. स्किनच्या डॉक्टरकडे जा, तिघं पण एकदमच जा, कारण एकाचं बरं होतं तोवर दुसऱ्याकडून परत येतं. ते कातडीचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकून मायक्रोस्कोपखाली बघतील, स्वस्त टेस्ट आहे, लगेच होते, करा म्हणून तुम्ही सुद्धा म्हणू शकता. हल्ली बहुतेक वेळा इट्राकोनाझोल देतात आणि ते काही आठवडे घ्यावं लागतं. कॅप्सूल असेल तर जेवणाबरोबर, आणि ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा, पोटात ॲसिड कमी असलं की ही कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही. मिस्टर कोलेस्टेरॉलची गोळी घेत असतील किंवा हार्टचा त्रास असेल तर तेही सांगा, लपवू नका. लावायचं औषध चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं, आणि दिसायचं बंद झालं तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढे लावायचं. इथेच सगळे घसरतात.

टॉवेल वेगळे. अंडरवेअर, बनियन, पायजमे गरम पाण्यात वेगळे धुवा, उलटे करून उन्हात वाळवा. पावसात ऊन नाही मिळालं तर इस्त्री फिरवा, शिवणीवर जरा जास्त. बुरशी आपल्या कातडीचं केराटिन खाऊन जगते आणि झडलेल्या कोंड्यात कपड्यावर बरेच दिवस तग धरते. जीन्स टाइट असेल तर निदान घरी तरी सुती पायजमा. आणि कडुलिंब, लसूण, बॅटरीचं पाणी (हो, हेही एका पत्रात होतं!) यांतलं काही लावू नका, जळलेल्या कातडीवर बुरशी शोधणं डॉक्टरला आणखी कठीण जातं.

राजेंद्र नगरहून, बारावीतला एक विद्यार्थी : मॅडम, बॅक्टेरियावर इतकी अँटिबायोटिक्स आहेत मग फंगसवर औषधं इतकी कमी का? आणि अँटिबायोटिकने फंगस का मरत नाही?

नीटची तयारी दिसतेय. छान प्रश्न आहे, आणि वरच्या भाभींच्या प्रश्नाचं मूळ पण यातच आहे.

बॅक्टेरिया आपल्यापासून फार लांबचे. त्यांची पेशीभित्ती वेगळी, प्रोटीन बनवणारे रायबोसोम वेगळ्या मापाचे, म्हणून पेनिसिलीन त्यांची भिंत पाडतं आणि आपल्याला काही होत नाही कारण आपल्याला भिंतच नाही. बुरशीचं तसं नाही. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक आहे, मायटोकॉन्ड्रिया आहेत, रायबोसोम आपल्याच मापाचे आहेत. वंशावळ काढली तर मशरूम झाडांपेक्षा आपल्याला जवळचं निघतं. मग असं विष शोधायचं की जे तिला मारेल पण आपल्याला नाही, हे अवघड काम. फरकाच्या जागा दोन-तीनच. एक, तिच्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असतं. दोन, तिच्या भिंतीत कायटिन आणि ग्लुकान असतं. बहुतेक सगळी औषधं याच दोन जागांवर वार करतात. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल ही सगळी नाझोल मंडळी आणि टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत, ॲम्फोटेरिसिन त्या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं, आणि कॅस्पोफंजिनच्या कुटुंबातली औषधं ग्लुकानवर. संपली यादी, जवळजवळ. म्हणूनच यातलं एक जरी औषध निकामी झालं तरी डॉक्टरच्या हातात फार काही उरत नाही.

प्रोटिस्टांची, म्हणजे अमिबा, मलेरियाचा परजीवी असल्या जीवांची, गंमत आणखी वेगळी, कारण ते एक कुटुंब नाहीच, ज्यांना कुठे बसवता आलं नाही त्या सगळ्यांची ती धर्मशाळा आहे. मलेरियाच्या प्लास्मोडियमच्या पोटात एक छोटासा अवयव आहे, एपिकोप्लास्ट, तो कुठल्याशा प्राचीन शैवालाच्या हरितलवकाचा अवशेष आहे आणि मुळात बॅक्टेरियाच्या वंशातला. त्यामुळे डॉक्सिसायक्लिनसारखं बॅक्टेरियावरचं औषध मलेरियावर, हळूहळू का होईना, चालतं. परीक्षेत "अँटिबायोटिक फक्त बॅक्टेरियावर" असंच लिही, पण हे लक्षात ठेव.

सुदामा नगरहून : 2021 मध्ये आमच्या थोरल्या भावाचा एक डोळा ब्लॅक फंगसमुळे गेला, जीव वाचला. तेव्हापासून घरात कांद्यावर, भिंतीवर, फ्रिजच्या रबरावर काळं दिसलं की आई घाबरते. ही तीच बुरशी का?

नाही. आईंना सांगा, अगदी निश्चिंतपणे सांगा, की ती ही नव्हे. कांद्याच्या सालीखाली जी काळी पूड असते ती ॲस्परजिलस नायजर, मंडईतल्या प्रत्येक ढिगात सापडेल. ती म्युकरमायकोसिस, म्हणजे ब्लॅक फंगसचा आजार, करत नाही. 2021 मध्ये व्हॉट्सॲपवर फिरत होतं की फ्रिजमधल्या कांद्याने ब्लॅक फंगस होतो, तेव्हापासून कितीतरी घरांत ही भीती बसलीय. वरचं साल काढा, कांदा चांगला धुवा, आतून मऊ किंवा काळा असेल तर फेका. भिंतीवरची काळी बुरशी मात्र पुसूनच काढा, दमा असलेल्यांना तिचा खरंच त्रास होतो, पण त्याचं कारण वेगळं आणि तिथे ओल का येतेय ते बघायला हवं.

म्युकर करणारी बुरशी, बहुतेक वेळा रायझोपस, मुळात काळी नसते, तिचे धागे रंगहीन असतात. ती रक्तवाहिन्यांत घुसते, रक्त बंद पाडते, आणि मग जो भाग मरतो तो काळा दिसतो. नाकाच्या आत, टाळूवर, डोळ्याभोवती. ही बुरशी मातीत, शिळ्या पोळीवर, हवेत कायमच आहे, आपण रोज तिचे बीजाणू ओढतो आणि काही होत नाही. त्या वर्षी झालं काय, की कोविड, त्यात आटोक्यात नसलेली शुगर, आणि वरून जास्त दिवस जास्त स्टेरॉइड, हे तिन्ही एकत्र आलं. रक्तात साखर आणि आम्ल वाढलं की लोह मोकळं होतं, आणि या बुरशीला लोह फार आवडतं. त्या जुलैपर्यंत देशात 45 हजारांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या. इंदूरात एमवाय हॉस्पिटलच्या वॉर्डांत काय चाललं होतं ते इथे कुणाला सांगायला नको. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक रात्र-रात्र फोन करत होते. हे औषध व्हेनेझुएलात ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून 1950 च्या दशकात मिळालं, आणि आज 70 वर्षं झाली तरी गंभीर म्युकरमध्ये पहिलं नाव त्याचंच.

भावाच्या बाबतीत काळजी एकच, शुगर. ती ताब्यात असेल तर घाबरायचं कारण नाही. आणि हा आजार एकमेकांना लागत नाही, तेव्हा त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवत असाल तर कृपा करून बंद करा. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण अशी घरं मी पाहिलीत.

विजय नगरहून : माझा मुलगा आलिराजपूरकडे नोकरीला आहे. जुलैत मलेरिया झाला, गोळ्या घेतल्या, बरा झाला. आता दिवाळीला घरी आला तर परत थंडी वाजून ताप, रिपोर्टमध्ये परत मलेरिया. इंदूरात तर डास चावल्याचं पण आठवत नाही त्याला.

रिपोर्टवर व्हायव्हॅक्स लिहिलंय का बघा. असेल तर नवीन डास चावायची गरजच नाही, बहुधा हा जुलैचाच मलेरिया आहे. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात जाऊन झोपून राहतात, आठवडे, महिने, आणि मग एक दिवस उठतात आणि रक्तात उतरतात. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या फक्त रक्तातल्यांना मारतात. यकृतातल्या झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन वेगळं दिलं जातं, 14 दिवस. आता मुलाला प्रेमाने विचारा, की बाबा तू ते 14 दिवस पूर्ण केलेस का. ताप चौथ्या दिवशी उतरतो, पाचव्या दिवशी साइटवर जायचं असतं, पाकीट बॅगेत राहतं. माझ्या माहितीतले निम्मे लोक तरी असंच करतात.

पण एक सांगते, घरात उरलेलं प्रायमाक्विन त्याला तुम्हीच देऊ नका. ज्यांच्या अंगात जी-6-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटतात, लघवी काळपट होते, पेशंट एकदम गंभीर होऊ शकतो. हे जन्मजात असतं आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त दिसतं. साधी रक्ततपासणी आहे, डॉक्टर सांगतील ती आधी करून घ्या. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला तर ही गोळी देतच नाहीत. आणि रिपोर्टवर फाल्सिपेरम असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, तो मेंदूपर्यंत जातो, त्याच्याशी थट्टा नको.

डास आणि मलेरियाचा संबंध आपल्याच देशात सापडला, हे तुमच्या मुलाला सांगा, ताप उतरल्यावर. अल्मोड्यात जन्मलेले रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादेत ॲनॉफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. पुढचं वर्षभर कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यांनी पूर्ण चक्र जुळवलं. 1902 चं नोबेल त्यांनाच.

सांवेर रोडहून : माझं शेत आहे, आलू आणि गहू. आलूवर पाछेती झुलसा आला होता, दुकानदाराने गव्हाच्या तांबेऱ्यावरचंच औषध दिलं, काही फायदा झाला नाही. दोन्ही फंगसच ना?

नाही दादा, आणि मजा म्हणजे दुकानदाराला हे माहीत असायला हवं होतं. आलूचा उशिराचा करपा, म्हणजे फायटोफ्थोरा, दिसायला बुरशीसारखा असला तरी बुरशी नाही. तो प्रोटिस्टांच्या धर्मशाळेतला, समुद्रातल्या तपकिरी शैवालांचा नातलग. त्याच्या भिंतीत कायटिन नाही, सेल्युलोज आहे, आणि एर्गोस्टेरॉल तो स्वतः बनवतच नाही. आता राजेंद्र नगरच्या मुलाचं उत्तर वाचा. गव्हावरचं प्रोपिकोनाझोल एर्गोस्टेरॉल बनणं बंद करतं, मग जो बनवतच नाही त्याचं ते काय वाकडं करणार? पैसे गेले, आलू पण गेले.

करप्यावर मँकोझेबसारखं औषध ढग आले, थंड दमट हवा झाली की डाग दिसायच्या आधी मारायचं असतं. डाग आल्यावर मेटालॅक्झिलचं मिश्रण वगैरे देतात, पण त्याला दाद न देणाऱ्या जाती आता आल्यात, म्हणून एकच औषध सारखं मारू नका, कृषी विज्ञान केंद्राला विचारून बदलत राहा. रोगट वेली शेताच्या कडेला टाकू नका, आणि मागच्या वर्षीचा सडका आलू ढिगात पडला असेल तर गाडून टाका, पुढच्या हंगामाचा रोग तिथेच बसलेला असतो. 1845 मध्ये आयर्लंडमध्ये याच रोगाने आलू काळे पडले, पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं गेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. तिथले गरीब एकाच पिकावर आणि जवळजवळ एकाच जातीवर जगत होते. धान्य तेव्हाही देशाबाहेर जात होतं, हेही लिहून ठेवायला हवं. सगळं पाप रोगाच्या माथी मारणं मला पटत नाही.

गव्हाचा तांबेरा मात्र अस्सल बुरशी, पक्सिनिया. आणि त्याचा प्रवास तर ऐकण्यासारखा आहे. आपल्या माळव्यात उन्हाळ्यात 42-43 डिग्रीत तो जिवंतच राहत नाही, शेतात गहू पण नसतो. मग दर वर्षी येतो कुठून? आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालून दाखवलं की तो उन्हाळा थंड डोंगरांवर काढतो, आणि तिथून वाऱ्यावर बसून खाली येतो. आपल्या मध्य भारतात खोडाचा काळा तांबेरा येतो तो दक्षिणेच्या निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवरून. 1946-47 च्या हंगामात याच काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातला गहू झोपवला होता, जुनी माणसं त्या सालाची आठवण काढायची. पुढे 1951 मध्ये इंदूरला गव्हाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथून निघालेल्या जाती, पूसा तेजस म्हणजे एचआय 8759 वगैरे, तांबेऱ्याला तोंड देतात. तुम्ही बाफला-बाटीसाठी जुना गहू थोडा लावत असाल तर लावा, मला पण तोच आवडतो, पण सगळं शेत एका जुन्या जातीवर ठेवू नका.

एक जाता जाता. शेतात मारायची ती नाझोल औषधं आणि माणसाला द्यायची नाझोल औषधं एकाच खानदानातली आहेत. हॉलंडमध्ये आणि नंतर आपल्याकडेही ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाच्या बुरशीच्या अशा जाती सापडल्या, ज्या शेतातल्या फवाऱ्यांमुळे तयार झाल्या असं मानलं जातं आणि फुप्फुसाच्या पेशंटला दिलेल्या औषधाला जुमानत नाहीत. म्हणून दोन पंपांत काम होत असेल तर चार मारू नका.

टिळक नगरहून : सुनेला तिसरा महिना आहे. घरात मांजर आहे. शेजारीण म्हणते मांजर बाहेर काढा, बाळाला धोका. खरं का?

मांजर काढायची गरज नाही. धोका टॉक्झोप्लाझ्मा नावाच्या प्रोटिस्टचा आहे, आणि तो खरा आहे, पण मांजर साधारण आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा लागण झाल्यावर, एक ते तीन आठवडे तो विष्ठेतून टाकते. विष्ठा ताजी असताना त्याची लागण होत नाही, लागण करण्याजोगं व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. तेव्हा ट्रे रोज साफ करायचा, सुनेने नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी. मिस्टरांनी करायला हरकत नाही. सुनेने कुंड्यांत हात घालताना हातमोजे घालावेत, सॅलडचं सगळं नीट धुवावं, आणि मटण अर्धं कच्चं अजिबात नको. खरं सांगायचं तर मांजरीपेक्षा मटण आणि मातीच जास्त वेळा कारण असतं. डॉक्टरांना विचारून एकदा रक्ताची तपासणी करून घ्या.

देवासहून : मला वारंवार आव होते. स्टूल रिपोर्टमध्ये सिस्ट लिहून येतं, मेट्रोचा कोर्स करतो, दोन महिन्यांनी परत सिस्ट.

दोन शक्यता. एक, तुमच्या पोटात जे आहे ते कदाचित निरुपद्रवी असेल. एंटामिबा हिस्टोलिटिका आणि एंटामिबा डिस्पार या दोन अमिबांचे सिस्ट, म्हणजे कवचात बंद असलेले जीव, मायक्रोस्कोपखाली हुबेहूब सारखे दिसतात, पहिला आतडं पोखरतो, दुसरा काही करत नाही. साध्या रिपोर्टवरून ओळखता येत नाही, अँटिजेन किंवा पीसीआर करावी लागते. दुसरी, खरंच हिस्टोलिटिका असेल तर मेट्रोनिडाझोल आतड्याच्या भिंतीत घुसलेल्यांना मारतं, पोकळीतल्या सिस्टना नाही. त्यांच्यासाठी नंतर डायलोक्झानाइडसारखं वेगळं औषध लागतं, आणि नेमका तोच भाग चिठ्ठीत राहून जातो. डॉक्टरांना सरळ विचारा. दारू घेत असाल तर कोर्सच्या काळात आणि नंतरही दोन-तीन दिवस पूर्ण बंद, मेट्रोबरोबर ती जमत नाही. आणि उजव्या बरगडीखाली दुखून ताप आला तर यकृतात गळू झालेलं असू शकतं, लगेच सोनोग्राफी करा. पाणी उकळूनच प्या, नळातल्या नेहमीच्या क्लोरीनला हे सिस्ट भीक घालत नाहीत.

रामबागहून : भुट्ट्याच्या कीससाठी ठेवलेल्या कणसांवर आणि शेंगदाण्यांवर हिरवट बुरशी आली. धुऊन, भाजून वापरले तर चालेल?

फेका. भाजून बुरशी मरेल, पण तिने बनवलेलं विष, अफ्लाटॉक्सिन, स्वयंपाकाच्या आचेला नीट जात नाही. तुम्हाला उगाच घाबरवत नाही. 1974 मध्ये आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात, अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी आठवडेच्या आठवडे खाल्ला, दुसरं काही नव्हतंच. पोटात पाणी भरलं, कावीळ झाली, शंभरावर माणसं गेली, आणि तेच खाणारी गावातली कुत्री सुद्धा. तपासात मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस निघाली. दाण्यांचा भाव बघू नका. आणि ब्रेडचा बुरशी लागलेला कोपरा काढून बाकीचा खायचा हे पण नको, दिसतं तो कोपरा असतो, धागे आत गेलेले असतात.

राजवाड्याजवळून : रोज जलनेती करतो. केरळातल्या मेंदू खाणाऱ्या अमिबाची बातमी वाचली. बंद करू का?

बंद नको, पाणी बदला. तो अमिबा, नेग्लेरिया, पिण्यातून होत नाही, नाकातून वर गेला तरच होतो, आणि झाला तर बहुतेक माणसं वाचत नाहीत. नेतीसाठी पाणी खळखळून उकळून, झाकून कोमट करून घ्या, भांडंही त्याच पाण्याने धुवा. नळाचं किंवा हौदाचं पाणी थेट नाकात नको. उन्हाळ्यात चोरल-पाताळपाणीकडे मुलं डबक्यात सूर मारतात, त्यांना सांगा नाक दाबून मारा, नाहीतर डोकं वर ठेवून पोहा.

वैशाली नगरहून : कोंड्यासाठी केटोकोनाझोलचा शॅम्पू वापरते, काही फरक नाही.

लावल्या लावल्या धुता ना? टाळूवर पाच मिनिटं राहू द्या, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. आणि रात्री तेल लावून झोपणं तेवढे दिवस थांबवा, कोंड्यामागची मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलावरच जगते.